बदलीच्या गावी बसायचे कुठे?

पत्र : मी ३६ वर्षांचा असून एका राष्ट्रीयीकृत बँकेत शाखाधिकारी आहे. पुण्यात आठ वर्षे काढल्यानंतर दोन महिन्यांपूर्वी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझी बदली झाली. आठवड्यातून एकदा, पत्नीबरोबर, एखाद-दुसरा ग्लास चांगली बिअर घ्यावी एवढीच माझी हौस आहे. येथे सात-आठ परमिट रूम आहेत, पण बहुतेक काळोख्या आहेत आणि सगळीकडे ‘स्ट्राँग’च पुढे करतात. दोनदा आग्रहाने माइल्ड मागवली (तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव होती). शिवाय गाव लहान असल्याने सगळे ओळखतात. अशा ठिकाणी चांगली जागा आणि चांगली बिअर शोधायची तरी कशी?
– एक शाखाधिकारी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत उपयोगाचे वाक्य तुम्ही कंसात टाकून मोकळे झाला आहात. ‘ओल्या पुठ्ठ्यासारखी चव’ ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिली असली, तरी ते नेमके निदान आहे. बाटलीत उरलेल्या किंचित प्राणवायूची बिअरवर हळूहळू क्रिया होत राहते आणि बिअर शिळी झाल्याची पहिली खूण म्हणून हीच पुठ्ठ्याची चव जिभेला लागते. हवा जितकी गरम, तितकी ही क्रिया वेगाने होते. तळोज्याच्या किंवा वाळूजच्या ब्रुअरीतून निघालेली बाटली पुण्याच्या दुकानात जाते तीच तुमच्या गावातही येते; ट्रकमधून उतरल्यावर ती कोठे आणि किती दिवस उभी राहिली, एवढ्यावरच तिचे बरेवाईट ठरते. त्यामुळे ‘चांगला बार कोणता’ याआधी ‘येथे माइल्ड बिअर कोणाकडे खपते’ हा प्रश्न विचारायला हवा.

याचे कारण सरळ आहे. आपल्याकडे पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली ती माइल्ड आणि त्याच्या वर आठ टक्क्यांपर्यंतची ती स्ट्राँग. तालुक्याच्या गावात दिवसभर राबून आलेला माणूस ज्या बाटलीने लवकर ‘लागते’ तीच मागतो, आणि त्याच्या हिशेबात चूक काढण्याचे कारण नाही. परिणाम असा होतो की स्ट्राँगच्या पेट्या आठवड्याला बदलतात आणि माइल्डची एखादी पेटी कोपऱ्यात महिनोन्‌महिने तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसते. म्हणजे तुम्ही आग्रह धरून मागवलेली बाटली बहुधा त्या दुकानातली सर्वांत म्हातारी बाटली असावी. बाटलीच्या मागच्या लेबलवर किंवा मानेच्या पट्टीवर भरल्याची तारीख छापलेली असते. बिअरची मुदत साधारण सहा महिन्यांची धरली जाते, परंतु सांगलीकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली राहिलेल्या बाटलीला मी तीन महिन्यांनंतर हात लावत नाही. बाटली उघडण्यापूर्वी ती तारीख शांतपणे वाचावी. वेटरला त्यात अपमान वाटत नाही. दोन-तीन वेळा तुम्हाला असे वाचताना पाहिले की तो स्वतःच ताजी बाटली शोधून आणू लागतो.

हे मला कोणी शिकवले ते सांगतो. १९८० च्या दशकात मी पाटबंधारे खात्यात होतो आणि कालव्याच्या कामावर अशाच एका गावी राहत होतो. पहिल्याच आठवड्यात एका बारमध्ये रस्त्याकडेच्या खिडकीत मांडून ठेवलेल्या बाटल्यांपैकी एक घेतली. जळक्या रबराजवळ जाणारा तो उग्र वास मला आजही ओळखता येईल. रात्रभर पोटाने दंगा केला आणि मी दोष अर्थातच कंपनीला दिला. पुढच्या खेपेला तिथल्या वयस्कर वेटरने, ज्याला सगळे गाव मामा म्हणत असे, काही न बोलता आतल्या खोलीतून दोन बाटल्या आणून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि दोन्हींच्या खांद्यांवरून अंगठा फिरवला. एकीवरून अंगठा स्वच्छ निघाला, दुसरीवरून काळ्या धुळीची रेघ घेऊन. ‘साहेब, ही शनिवारी आली, ही दसऱ्याची. आन् खिडकीतली फक्त बघायसाठी असती,’ एवढेच तो म्हणाला. होळी आठवड्यावर आली होती. उन्हाने बिअरमधल्या हॉप्सचा, म्हणजे कडवटपणासाठी घालतात त्या फुलांचा, कडू अंश बिघडतो आणि तो वास येतो, हे शास्त्र मी नंतर वाचले. तपकिरी काच प्रकाशाला बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी फारच कमी, आणि कॅनमध्ये तर प्रकाश शिरतच नाही. म्हणून अनोळखी गावात तारीख ताजी असलेला कॅन मिळत असेल, तर बाटलीचा हट्ट धरू नये.

याच विषयात दोन समजुती तुमच्या कानांवर येतील, त्यांचा निकाल आधीच लावून टाकू. पहिली अशी की एकदा थंड केलेली बिअर फ्रीजबाहेर राहिली आणि पुन्हा थंड केली तर ती ‘फाटते’. थंड-गरम होण्याने बिअरचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते बराच काळ गरम राहण्याने. त्यामुळे दुकानदार रात्री वीज वाचवायला फ्रीज बंद करतो एवढ्यावरून त्याला नाकारू नका, मात्र त्याच्या पेट्या कोठे रचलेल्या आहेत ते पाहा.

दुसरी समजूत ग्लिसरीनची. वेटर बाटली उघडतो, पाण्याने भरलेल्या ग्लासात तिचे तोंड बुडवून ती पालथी धरतो, आणि बाटलीच्या तोंडातून तेलकट तारांसारखे काहीतरी पाण्यात उतरताना दिसते. टेबलावरचे सगळे मान डोलावतात की पाहा, निघाले ग्लिसरीन. प्रत्यक्षात बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली उतरते आणि तेवढेच पाणी वर बाटलीत शिरते. किण्वनाच्या वेळी यीस्ट थोडेसे ग्लिसरीन तयार करते हे खरे, पण ते सबंध बिअरमध्ये विरघळलेले असते, ते निवडून बाहेर येणार नाही. तेव्हा तुमच्या टेबलावर हा विधी होऊ लागला तर नम्रपणे नको म्हणा, कारण पूर्ण पैसे देऊन पाणी घातलेली बिअर पिण्याचा तो एक देखणा प्रकार आहे.

आता जागेविषयी. गावातल्या पाट्यांमध्ये फरक असतो आणि तो ठाऊक असणे तुमच्यासारख्या जबाबदारीच्या पदावरील माणसाला आवश्यक आहे. ‘वाइन शॉप’मध्ये विदेशी मद्य सीलबंद मिळते, ‘बिअर शॉपी’त बिअर आणि वाइन सीलबंद मिळते, दोन्ही ठिकाणी बसून पिता येत नाही, दुकानाच्या मागच्या बोळात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या काहीही सांगत असल्या तरी. बसून पिण्यासाठी परमिट रूम, म्हणजे एफएल-३ परवान्याची जागा, किंवा बिअर बार. आणि ‘परमिट’ हा शब्द केवळ पाटीवर शोभेसाठी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन १००० रुपयांत. बँकेतल्या माणसाने एकदाच आजीवन परवाना काढून पाकिटात ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमचे नवे सहकारी तुम्हाला बहुधा पहिल्यांदा ढाब्यावर नेतील. तिथले मटण उत्तम असेल, खाट असेल, वारा असेल, आणि मालक शेजारच्या दुकानातून बाटली मागवून देईल. मात्र परवाना नसलेल्या ढाब्यावर पिणे हा गुन्हा आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लोक छापा घालतात तेव्हा कलम ६८ खाली मालकावर आणि कलम ८४ खाली पिणाऱ्या गिऱ्हाइकांवर गुन्हा दाखल होतो. दंडाचे मनावर घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात ‘बँक अधिकाऱ्यासह पाच जण’ हे शब्द छापून आले तर काय, याचा विचार करा. तुमचा जिल्हा गोव्यापासून फार लांब नाही, तेव्हा ‘गोव्याचा माल आहे, स्वस्तात देतो’ म्हणणाराही भेटेल. बाटलीवर महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचे छापलेले नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. ढाब्यावर जेवायला मात्र अवश्य जा.

सात-आठ परमिट रूममधून एक निवडायची कशी? तुमच्या शिपायाला विचारू नका. तो अत्यंत आपुलकीने तुम्हाला त्याच्या मेहुण्याच्या जागी पाठवील आणि सोमवारी सकाळी कॅश काउंटरपर्यंत बातमी पोचलेली असेल. विचारायचे ते औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींना. हे लोक महिन्यातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक तालुक्याच्या गावी येतात, लॉजवर उतरतात, रात्री जेवायला बाहेर पडतात, आणि कोणत्या स्वयंपाकघरात आज केलेला रस्सा आज वाढतात हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. गावातल्या एखाद्या डॉक्टरांचे खाते तुमच्या शाखेत असणारच. त्यांच्या दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळत उभा असलेला तरुण हा तुमचा खरा मार्गदर्शक.

त्यानंतर स्वतः जाऊन पाहा, पण रात्री नव्हे. दुपारी साडेबारा-एकला जेवायला जा आणि बिअरचे नावही काढू नका. ज्या परमिट रूममध्ये दुपारी कोर्टातले वकील आणि मार्केट यार्डातले व्यापारी नुसते जेवायला येतात, तिथले स्वयंपाकघर जिवंत आहे असे समजावे. जिथे दुपारी खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या असतात, तिथले रात्रीचे तळणही कालच्याच तेलात होत असते. माझा अनुभव असा की स्वयंपाकघराची स्वच्छता आणि बिअरची तारीख या गोष्टी एकाच मालकाच्या स्वभावातून येतात. जो शेंगदाणे खवट होऊ देत नाही तो पेट्याही फिरत्या ठेवतो. चखण्याकडे म्हणूनच लक्ष द्यावे. भाजलेले शेंगदाणे, उकडलेली चवळी, काकडीच्या फोडी यांत लपवण्यासारखे काही नसते, आणि एका मुठीत मालकाची नियत कळते.

ग्लासही पाहून घ्यावा. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या भिंतीला जागोजागी बुडबुडे चिकटून राहिले आणि फेस क्षणात खाली बसला, तर ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. अशा वेळी थंड पाण्याने ग्लास विसळून आणायला सांगावे. आणि ‘एकदम चिल्ड’चा हव्यास धरू नये. बर्फासारख्या थंड बिअरला चवच लागत नाही, म्हणून तर शिळी बिअर नेहमी अतिथंड वाढतात. पाच ते सात अंशांवर माइल्ड लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकट बिअर, सर्वांत चांगली लागते. बाटली टेबलावर पाच-दहा मिनिटे राहिली तरी पुरते.

आता तुम्ही लिहिले नाही, पण मला पत्रात ठळक दिसले ते. ‘सगळे ओळखतात’ ही तुमची अडचण लोकांनी पाहण्याची आहे असे तुम्हाला वाटते. मला ती बिलाची वाटते. तालुक्याच्या गावात परमिट रूमच्या मालकाचे कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जाचे, खाते कोणत्या ना कोणत्या बँकेत असते आणि ती बँक तुमची असण्याचा संभव बराच आहे. पहिल्या दिवशी तो गल्ल्यावरून उठून येईल, स्वतः टेबल पुसेल, न मागितलेले सुके मटण येईल, आणि शेवटी हात जोडून म्हणेल, ‘साहेब, तुमच्याकडनं काय बिल घ्यायचं?’ त्या क्षणी तुम्ही हसून उठलात, तर पुढच्या मार्चमध्ये त्याच्या खात्याचे नूतनीकरण करताना तुमच्या लेखणीला ते सुके मटण आडवे येईल. म्हणून दोन गोष्टी करा. आपल्या शाखेचा कर्जदार असलेल्या मालकाची जागा, तिथली बिअर कितीही ताजी असली तरी, टाळा. आणि इतर कोठेही गेलात तरी पहिल्या दिवसापासून पूर्ण बिल मागून, शक्यतो यूपीआयने, म्हणजे नोंद राहील अशा रीतीने द्या. मालक दोन वेळा रागावल्यासारखे करतो, तिसऱ्या वेळी निमूटपणे बिल आणतो आणि मनातून तुम्हाला मान देऊ लागतो. गावात तुम्ही बिअर पिता हे कळल्याने तुमचे काही बिघडणार नाही. फुकट पिता हे कळले तर सगळेच बिघडेल.

पत्नीसह बसण्याचा प्रश्न नाजूक आहे आणि तो सोपा असल्याचे भासवण्यात अर्थ नाही. ‘फॅमिली रूम’ नावाची, पडदा लावलेली, ट्यूबलाइट लुकलुकणारी खोली मी तरी कोणत्याही सुशिक्षित स्त्रीला सुचवणार नाही. तिथे बसलेल्या माणसाला आपण काहीतरी चोरून करतो आहोत असे उगीच वाटत राहते. गावाबाहेरच्या रस्त्यावर परवाना असलेले, मोकळ्या अंगणाचे, कुटुंबे जेवायला येतात असे एखादे गार्डन रेस्टॉरंट बहुतेक तालुक्यांत आता असते. तिथे सात वाजता जावे आणि गर्दीचा रंग बदलण्याआधी, नऊच्या सुमारास, उठावे. पहिल्या दोन खेपा दोघांनी नुसते जेवून यावे. वेटर वहिनी म्हणून ओळखू लागला की तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या दुसऱ्या ग्लासाकडे कोणी वळून पाहत नाही. पाहिलेच तर ते पाहणाऱ्याकडे राहू द्यावे. मात्र तिथे गाडी घेऊन जाणार असाल तर चालवणारा कोरडा राहिला पाहिजे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा एका मोठ्या बाटलीने सहज ओलांडली जाऊ शकते, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते.

खरे तर तुम्हा दोघांसाठी गावातली सर्वांत चांगली जागा तुमची गच्ची असण्याची शक्यता अधिक. वाइन शॉपच्या काउंटरवरील माणसाशी ओळख करून घ्या. त्याला सांगा की माइल्डची ताजी पेटी आली की मला कळवा, परवान्याच्या मर्यादेत बसेल तेवढी मी घेतो. खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले की दुकानदार होलसेलरकडे एरवी न मागवलेली गोष्टही मागवतो. पेटीत ६५० मिलिलिटरच्या बारा बाटल्या किंवा चोवीस कॅन येतात. एकट्याला जास्त वाटले तर तुमच्यासारखाच बदलीवर आलेला एखादा प्राध्यापक किंवा डॉक्टर भागीदार म्हणून मिळतोच, आणि अशी भागीदारी हीच पुढे त्या गावातली तुमची खरी बैठक होते. घरमालक खालीच राहत असतील तर आधी त्यांच्या कानावर घालावे. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याच्या पोत्यात खळखळल्या की गल्लीला महिन्याचा हिशेब कळतो, तेव्हा त्या दर आठवड्याला काढाव्यात, साठवू नयेत.

पुण्यातल्या गव्हाच्या बिअरची आठवण मात्र तुम्हाला आवरावी लागेल. २००९ साली डूलाली या, जागेवरच बिअर बनवून वाढणाऱ्या मायक्रोब्रुअरीने पुण्यात सुरुवात केली तेव्हापासून आपल्या शहरी जिभांना टाकीतून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरची सवय लागली, पण ती बिअर ताजेपणावरच जगते. ती तालुक्याला आणण्याची खटपट करू नका. दोन महिन्यांतून एकदा पुण्याला गेलात की तिथे प्या. गावात मिळाली तर गव्हाच्या बिअरचा कॅन घ्या, आधी दोन तृतीयांश ओतून उरलेला हलकेच फिरवून वर घाला, म्हणजे तळाचा गढूळ गाळही ग्लासात येतो आणि चव पुरी होते. एरवी मात्र त्या गावच्या ताज्या माइल्ड लागरची तुलना त्या बिअरशी करू नका.

ड्राय डेची यादी दुकानाबाहेर लागते. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधीजयंती सर्वांना पाठ असतात. निवडणुकीचे दिवस विसरायला होतात, आणि मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास सगळे बंद असते. गावात कधी ‘आडवी बाटली’चे मतदान लागले, म्हणजे दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून तिथल्या बायका मतदानाला उतरल्या, तर त्या आठवड्यात परमिट रूमकडे फिरकू नका आणि त्या विषयावर शाखेत विनोदही करू नका. त्या रांगेत तुमच्या बचत गटांच्या खातेदार असतील, आणि त्यांनी घरात जे पाहिले आहे ते तुमच्या-माझ्या हौसेपेक्षा फार वेगळे आहे.

तुमच्या बँकेला दुसऱ्या शनिवारी सुटी असते. त्या दिवशी दुपारी साडेबाराला, एमआरने सांगितलेल्या ठिकाणी, एकटेच जेवायला जा. जेवण झाल्यावर हात धुवायला म्हणून आत जाताना पेट्या कोठे रचल्या आहेत तेवढे पाहून घ्या. आणि ती पुठ्ठ्याच्या चवीची बाटली अजून त्या बारच्या कोपऱ्यात पडली असेल, तर तिच्यावरची तारीख मला अवश्य कळवा. माझा अंदाज दिवाळीच्या आधीची आहे.